एल्फ राजाचा फासा

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण त्या खोलीत आम्ही तिघं होतो, तिघंही शुद्धीवर होतो, आणि रविवारचे दुपारचे चार वाजले होते.

बाहेर लख्ख ऊन होतं.

भुतं रात्रीच येतात असं ज्याने ठरवलं, त्याने माझा दादा पाहिलेला नाही. दादा आयुष्यात कधी दहानंतर जागा राहिला नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे. मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन आणि त्याच्या शेजारी एक गोल टेबल. रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही त्या टेबलाशी खेळायला बसायचो. गोष्टीचा खेळ. मी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र चालवायचं, आणि पात्र तरलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. वीस पडले तर सोन्याहून पिवळं. एक पडला तर कपाळमोक्ष.

वहिनी चोर व्हायची. दादाचा शाळेपासूनचा मित्र प्लंबर आहे, अंगाने इतका किडकिडीत की सगळे त्याला पैलवान म्हणतात. तो कुऱ्हाडवाला बुटका व्हायचा.

आणि दादा? शाळेची बस चालवणारा, पोट सुटलेला, टकलू दादा एल्फांचा राजा व्हायचा. टोकदार कान, कमरेपर्यंत रुपेरी केस, हातात तलवार आणि हजार वर्षांचं आयुष्य. "कुठेतरी केस मिळू दे की मला," म्हणायचा.

आम्ही हसायचो. पण राजा झाला की त्याची मान खरंच ताठ व्हायची. संकट आलं की राजा सगळ्यांच्या मागे थांबायचा. सगळे पलीकडे पोचल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. बसचंही तसंच होतं. शेवटचं मूल फाटकातून आत गेल्याशिवाय दादा गाडी हलवायचा नाही.

आपली पाळी संपली की तो फासा टेबलावर दोनदा वाजवायचा.

टक... टक.

म्हणजे, माझं झालं, तुम्ही पुढे चला.

आमच्या टेबलाचा एक नियम होता, दादानेच केलेला. कुणी आलं नाही तरी त्याचं पात्र गोष्टीत राहतं. डावीकडे बसलेल्याने त्याच्यासाठी फासा टाकायचा. पण माणूस हजर नसताना त्याचं पात्र मारायचं नाही.

दादा गेला. छातीचा आजार, एकोणीस दिवस दवाखान्यात, नळ्या आणि मशीन. दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा टेबलाशी बसलो, तेव्हा वहिनी म्हणाली, राजा तरी राहू दे. नियम आहेच. आम्ही मान डोलावली.

तिथेच चुकलं आमचं.

पहिल्या रविवारी वहिनीने राजासाठी फासा टाकला.

एक.

पुन्हा टाकला... एक. तिसऱ्यांदाही एक.

पैलवानाने तोच फासा उचलून स्वतःसाठी टाकला. चौदा.

योगायोग, म्हटलं. पुढच्या रविवारी पुन्हा राजाला एक. त्याच्या पुढच्या रविवारीही. पैलवानाने फासा घरी नेऊन मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिला. एक बाजू जड असली तर ती खाली जाते म्हणे. काहीच दोष नव्हता.

सहा रविवार. राजासाठी टाकलेलं एकूण एक दान... एक.

दर वेळी मी काहीतरी जुळवून राजाला वाचवायची. बाण लागला, पण वर्मी नाही. कड्यावरून पडला, पण झाडात अडकला. राजाचा हात गेला, डोळा गेला, त्याला श्वास घेता येईना, आणि तरी मी त्याला मरू देत नव्हते. पाचव्या रविवारी वहिनी हळूच म्हणाली, "किती हाल करतेस त्याचे."

मी गोष्टीच्या वहीत राजाची पुढची सुटका लिहून ठेवली.

सातव्या रविवारी गोष्ट एका पुलावर आली. शत्रू मागे लागलेला, चोर आणि बुटका पुलापलीकडे पोचलेले, राजा मागे एकटा. वहिनीने फासा टाकला.

एक.

मी तोंड उघडलं. राजाला वाचवायला काय सांगायचं ते मला माहीत होतं. पण त्याऐवजी जे चार महिने कुणाला बोलले नव्हते, ते बाहेर पडलं.

"वहिनी, दवाखान्यात त्याने मला सांगितलं होतं. पंधराव्या दिवशी. तोंडात नळी होती, पण बोटाने पलंगाच्या दांडीवर दोनदा वाजवलं. डॉक्टरांनी विचारलं, काही खूण करतोय का? मी म्हटलं, नाही."

पैलवानाने तोंडावर हात ठेवले.

वहिनीची नजर फाशावरच होती. मग म्हणाली, "मला त्याच सकाळी. माझ्या तळहातावर. मीही नाहीच म्हटलं."

आम्ही दोघी एकमेकींपासून तीच गोष्ट लपवून बसलो होतो. चार दिवस जास्त... आमच्यासाठी ओढले त्याने.

मग मला नियम आठवला. माणूस हजर नसताना पात्र मारायचं नाही.

मी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "दादा," मी म्हटलं, "हजर आहेस का?"

मशीन बंद होतं. पंखा बंद होता. रस्त्यावरही कुणी नव्हतं.

वहिनीचे हात मांडीवर होते. पैलवानाचे तोंडावर. माझे वहीवर. फासा टेबलाच्या मध्यावर पडलेला, एक वर करून.

काहीच झालं नाही.

आणि मग... रिकाम्या खुर्चीसमोर, जिथे लाकडाचा रंग घासून गेलाय तिथून...

टक... टक.

फासा जागचा हलला नव्हता.

पैलवान ढसाढसा रडायला लागला. मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त लाज वाटली, की दादाला तेच पुन्हा सांगावं लागलं.

मी गोष्ट पूर्ण केली. राजाने मागे वळून पाहिलं. सगळे पलीकडे सुखरूप होते. मग त्याने पुलाचे दोर तोडले.

"राजा गेला," मी म्हटलं. वहिनीने फासा उचलून मुठीत धरला आणि कपाळाला लावला.

याला आता वर्ष झालं. आम्ही अजून खेळतो. तोच फासा आहे, एक क्वचितच पडतो. त्या दुपारी काय वाजलं ते मला सांगता येणार नाही. लाकूड उन्हाने तडकतं असं पैलवान हल्ली म्हणतो, पण त्या खुर्चीवर तो कधी बसत नाही.

माझीच एक सवय राहून गेलीय. दुकानात गिऱ्हाईक आलं की काउंटरच्या काचेवर बोटाने वाजवतं. दोनदा वाजलं की मी हातातलं काम टाकून मशीन बंद करते आणि बाहेर येते.

बहुतेक वेळा गिऱ्हाईकच असतं.