दोन डोक्यांची नळी

शीतगृहाच्या दाराशी दोघं एकमेकांवर आपटली, ती माझ्या डोळ्यांदेखत.

आमच्या ह्यांची शोकसभा होती. समुद्राच्या तळाचा चिखल नळ्यांत भरून आणायचा आणि त्यावरून हजारो वर्षांपूर्वीचं हवा-पाणी ओळखायचं, हे ह्यांचं काम. सभेत मोठी माणसं मोठं बोलली. अर्धं मला कळलं नाही, उरलेलं खोटं होतं; हे काही इतके शांत नव्हते! मी उठलेच. "ज्या चिखलापायी ह्यांनी अर्धा संसार बोटीवर काढला, तो दाखवा मला."

एकदम दोघं धावली. ह्यांची चिमणी — चिखलातले बारीक शिंपले टिपते म्हणून ह्यांनीच ठेवलेलं नाव — आणि बोटीवरची यंत्रं सांभाळणारा लंबू. दाराशी खांद्याला खांदा लागला, तशी चटका बसल्यासारखी मागे सरली.

"तू दाखव."

"नको... तूच."

"मी काय इथे उभ्या उभ्या म्हातारी होऊ? आहे तेवढी पुरे. चला दोघं!"

आत हाडं गोठवणारी थंडी. लंबूनं कोट काढून माझ्यापुढे धरला. नजर मात्र तिच्या गारठलेल्या बोटांवर.

"तिला दे. मला शाल आहे."

तिनं घेतला. त्याच्याकडे बघितलं नाही, पण कॉलरीशी हळूच नाक नेलं. ते मी बघितलं.

फळ्यांवर नळ्याच नळ्या. प्रत्येकीला एका टोकाला काळं झाकण, दुसऱ्या टोकाला लाल. एकीलाच दोन्हीकडे काळं.

"सरांची शेवटची नळी," चिमणी पुटपुटली. "आम्ही वाया घालवली, काकू. दोघांनी दोन टोकं धरायची. वरचं धरणाऱ्यानं ओरडायचं 'डोकं', खालच्यानं 'पाय', मग डोक्याला काळं झाकण, पायाला लाल — सरांची शिस्तच होती. त्या दिवशी आम्ही दोघंही 'डोकं' ओरडलो. वर-खाली कळल्याशिवाय चिखल वाचायचा कसा?"

"सर अवाक्षर बोलले नाहीत," लंबू म्हणाला. "मीच हिला नको ते बोललो. तेव्हापासून अबोला. आता तर पुढच्या सफरीतून हिनं नावच काढून घेतलंय."

मला हसू आवरेना.

"बोलले नाहीत? अरे, घरी येऊन पोट धरून हसत होते! 'नळीला दोन डोकी आणि एकातही मेंदू नाही. दोघं एकमेकांकडे बघतायत, नळीकडे बघणार कोण?' म्हणे, ही नळी फेकायची नाही, ह्या दोघांच्या लग्नात आहेर द्यायची."

चिमणीचे कान लाल झाले. "मी नव्हते हं बघत."

"मी होतो," लंबू म्हणाला. हळू, पण स्वच्छ. "तेव्हाही... आत्ताही. ते कबूल करायची लाज वाटली, म्हणून तुझ्यावर ओरडलो. चुकलं माझं. तू जा सफरीला. हवं तर मी नाही येत."

ती कोटाचं बटण पिळत राहिली.

"मी 'डोकं' का ओरडले, ते विचारलंस कधी?"

"का?"

"बघत होते म्हणून, वेडोबा!"

मग त्यांनी ती नळी उचलून माझ्यासमोर धरली.

"डोकं," ती म्हणाली.

"पाय," तो. "आणि सफरीत?"

"नाव परत देते. काळं झाकण मात्र मी लावणार."

"लाव की!"

माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, ते बरंच झालं. मी नळीवर हात ठेवला. आयुष्यभर जिला सवत म्हटलं, ती अशी गारठलेली. बोटीवरून उतरल्यावर ह्यांचे हात अस्सेच असायचे आणि मी शिव्या घालत चोळत बसायची...

थोडा वेळ तशीच चोळली.