भरीचं पिंप

धुण्यासाठी म्हणून कासिल्दाने बाबांचा पेला उचलला, सवयीने नाकाशी नेला, आणि तिचा हात तिथेच थबकला... तळाशी उरलेल्या दोन थेंबांना ना चेरीचा वास होता, ना ओकच्या लाकडाचा. आंबट, नाकात चढणारा, सरळ सरळ व्हिनेगरचा वास येत होता. बाबा आत्ताच तळघरातून पिंपांना भर घालून वर आले होते आणि भरीच्या पिंपातलीच वाईन चाखून त्यांनी हा पेला मोरीत ठेवला होता.

ओकच्या पिंपात वाईन तीन-तीन वर्षं मुरते, पण लाकूड रोज तिचा थोडा थोडा घोट पीतच असतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पिंपाचं बूच काढून राखून ठेवलेल्या एका पिंपातून भर घालावी लागते. तेच एक पिंप आंबलं, तर माणूस आपल्या हातांनी बाविसाच्या बावीस पिंपांना विरजण लावत जातो! आणि ही बावीस पिंपं म्हणजे आजोबांनी लावलेल्या जुन्या वेलींची वाईन, तीस वर्षांत अशी साधली नव्हती, यंदा शरदात बाटल्यांत भरायची होती.

कासिल्दाला वाटलं, धावत खाली जावं, एकेक बूच काढून वास घ्यावा... पण तळघराच्या त्या दाराला तिने आठ वर्षांत हात लावला नव्हता.

आठ वर्षांपूर्वीचा तो ओला जून! पानापानावर केवड्याची बुरशी पसरली होती. बाबांचा, निकानोर म्हाताऱ्याचा, मळा सेंद्रिय, तिथे गंधक आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण सोडून तिसरं काही शिवायचं नाही, हा त्याच्या बापापासूनचा नेम. पण तपासणीवाल्यांनी पानं नेली आणि त्यांत बंदी असलेलं बुरशीनाशक सापडलं. तीन वर्षांसाठी सेंद्रियचा शिक्का गेला. याच स्वयंपाकघरात, याच टेबलाशी म्हाताऱ्याने विचारलं होतं, "कुणी मारलं औषध?" धाकट्या भावाचा, लेआन्द्रोचा, चेहरा पांढराफटक पडला, त्याच्या बायकोला, बेगोन्याला, सातवा महिना लागलेला... आणि कासिल्दा बोलून गेली, "मी मारलं, बाबा."

तिला वाटलं होतं, दोन दिवस आदळआपट करतील आणि शांत होतील. पण निकानोरने नुसता हात पुढे केला. बाराव्या वर्षापासून तिच्या कमरेला असलेली तळघराची किल्ली त्याने मागून घेतली आणि म्हणाला, "मी जिवंत आहे तोवर तू खाली पाऊल ठेवायचं नाही." तेव्हापासून ती शेजारच्या गावी परक्यांच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायला जात होती, आणि परत आल्यावर याच घरात मुकाट्याने पानं वाढत होती. ज्या मुलीचं नाक म्हणजे घराचं भूषण, तिने परक्यांचा डिंक हुंगत आठ वर्षं काढली. मनातलं मात्र तिने मनातच ठेवलं.

"बाबा, भरीचं पिंप आंबलंय," ती आता हळूच म्हणाली.

निकानोर टेबलाशी पाव कापत होता. त्याने मानही वर केली नाही. "तू पेले धू."

"एकदा वास तरी घेऊन बघा ना."

"मी वास घेऊनच वर आलोय. लेबलं चिकटवणारीने मला नाक शिकवू नये."

तिने पेला लेआन्द्रोपुढे धरला. त्याने हुंगला, पुन्हा हुंगला. "ताई, मला तर वाईनसारखाच वाटतोय."

"तुला शाईसुद्धा वाईनसारखीच वाटते," बेगोन्या म्हणाली आणि हसता हसता एकदम चुलीकडे धावली. "अगं बाई, बटाटे!"

तळाशी लागलेल्या बटाट्यांचा आणि करपलेल्या मिरचीचा उग्र जळका वास घरभर कोंदला होता. लेआन्द्रोने नाकाला रुमाल लावला. बाबा मात्र निवांतपणे पाव कापत होते... अंगणातून ओरडून सांगणारे बाबा, की चुलीवरची कांद्याची फोडणी एक मिनिट जास्त झाली! कासिल्दा त्यांच्याकडे बघतच राहिली. आणि मग तिला सगळं उमगलं.

"कधीपासून, बाबा?" तिने विचारलं.

सुरी थांबली. "जानेवारीतल्या तापापासून," म्हातारा म्हणाला. "ना वास, ना चव. वाटलं, येईल परत."

"पाच महिने? आणि कुणाला बोलला नाहीत?" लेआन्द्रोने विचारलं.

"कुणाला बोलू? तुला? तुझ्या नाकाच्या भरवशावर?"

पाच महिने, दहा वेळा भर! कासिल्दाने पेला खाली ठेवला आणि ती तळघराच्या दाराकडे निघाली. म्हातारा टेबलाचा आधार घेत उठला आणि दारापुढे उभा राहिला. "माझा शब्द म्हणजे शब्द. तू खाली जायचं नाहीस."

"वाईन मरतेय बाबा... मला नंतर काय वाट्टेल ती शिक्षा करा."

तेव्हा लेआन्द्रोचा बांध फुटला. "तिला जाऊ द्या, बाबा. औषध मी मारलं होतं. ताईला तर माहीतही नव्हतं. तिने माझ्यासाठी..."

सगळे म्हाताऱ्याकडे बघत राहिले. तो मात्र जमिनीकडे बघत होता.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "तुझ्या बुटांना वास येत होता. तेव्हा नाक होतं मला."

कासिल्दा एक पाऊल पुढे आली. "माहीत होतं?" तिने विचारलं. "आणि तरी माझी किल्ली घेतलीत?"

"ह्याला बोललो असतो तर हा बायको घेऊन शहरात गेला असता. मग मळा कुणी बघितला असता?" म्हातारा तिच्याकडे वळला. "तू कुठे जाणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक होतं, पोरी. म्हणून तुला शिक्षा केली."

तिला खूप काही बोलायचं होतं. आठ वर्षांची सारी व्यथा, सारा अपमान... पण खाली वाईन मरत होती. तिने हात पुढे केला. "किल्ली द्या."

त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि भिंत धरत तिच्या मागोमाग पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर तो पाठ करून बसला. लेआन्द्रोने मेणबत्ती धरली. कासिल्दा एकेक बूच काढत, काचेच्या नळीने घोटभर वाईन ओढत, पेल्यात फिरवत, नाकाशी नेत गेली. बिघडलेल्या पिंपावर ती खडूने फुली मारायची. खडूचा आवाज झाला की म्हाताऱ्याची मान आणखी खाली जायची. पुढे पुढे तिला खडूच जड वाटू लागला.

"किती?" तिने शेवटचं बूच ठोकल्यावर त्याने विचारलं. "चांगलं सांग ना, पोरी. खोटं सांगितलंस तरी चालेल. तुला जमतं ते."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. त्याचा वाळका हात तिने हातात घेतला. राग होता, तरी घेतला.

"नाही जमत, बाबा. एकदाच बोलले, तर तेही तुम्ही ओळखलंत. सतरा गेली. व्हिनेगरवाल्याला द्यावी लागतील."

म्हातारा लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "माफ कर मला... नाक गेलं हे मी तुला सांगू शकलो असतो. पण कुठल्या तोंडाने सांगणार होतो?" तिने हात सोडला नाही. पलीकडे लेआन्द्रो मेणबत्ती धरून तसाच रडत उभा होता.

"पाच राहिली ना?" निकानोरने डोळे पुसत विचारलं.

"चार. भर घालायला त्यातलंच एक फोडावं लागेल."

"कुठलं?"

तिने त्याच्याकडेच बघितलं. बाबांनीच सांगावं, अशी त्या तळघराची जुनी रीत होती.

"मला काय विचारतेस?" तो म्हणाला. "तू ठरव. आता इथलं सगळं तूच ठरव."

हे शब्द तिला तेहेतिसाव्या वर्षी हवे होते. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती, आणि ठरवायला पाच पिंपं उरली होती.

"अकरावं," कासिल्दा म्हणाली. मग मात्र तिला रडू आवरेना.