गोठलेलं खोबरेल

खिडकीतल्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली होती. तळापासून चार बोटं तेल पांढरं, घट्ट झालेलं. वर बोटभर अजून पातळ, आणि दोन्हींच्या मध्ये एक धूसर पट्टा. दुरुस्ती केंद्रातून आलेल्या ज्योत्स्ना गवईने बाटली आडवी केली. घट्ट भाग जागचा हलला नाही. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरच्या डब्याचा चमकता पडदा पाहिला. बाळंतिणीच्या खोलीचं तापमान : २६.८.

"खोबरेल चोविसाच्या आसपास गोठतं," ती परत येत म्हणाली.

"मंग मी काय सांगत होती फोनवर?" रुक्माबाई उसळल्या. "तीनदा फोन केला. तिकडून केंद्रातला तो पोरगा म्हणे, आजी, आकडा बरोबर हाय. म्हटलं, बाप्पा, मंग तुया आकडा या तेलाले दाखव न!"

चिखलदऱ्यात आता बहुतेक घरांखाली उन्हाची कोठी होती. एप्रिल-मे महिन्यांतलं ऊन छपरावरच्या पत्र्यांनी टिपायचं, जमिनीखाली काळ्या दगडाच्या खडीत साठवायचं आणि डिसेंबरात तेच जमिनीतल्या नळ्यांमधून खोलीत फिरवायचं. किती फिरवायचं, ते भिंतीवरचा तापमान-संवेदक ठरवी. कपाळावरच्या टिकलीएवढाच असल्यामुळे लोक त्याला टिकलीच म्हणत.

रुक्माबाईंची सून पल्लवी पलंगावर टेकून बसली होती. ती इथल्या आश्रमशाळेत गणित शिकवी. तिच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधलेली मुलगी पाच आठवड्यांची होती. दोन महिने आधी जन्मलेली. अमरावतीच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या पेटीतून एका अटीवर घरी सोडलं होतं : खोली सव्वीसच्या खाली जाता कामा नये. घरी येऊन सहा दिवस झाले, वजन एक किलो आठशे वीसवर अडलं होतं. उद्या सकाळी पुन्हा वजन. ते वाढलं नसेल तर परत पेटी.

"दूध तर पिते," पल्लवी म्हणाली. "जातं कुठे, कळत नाही."

ज्योत्स्नाला कळलं होतं. तिने खिशातला तापमापक काढून पाच मिनिटं हवेत धरला. तेवीस पूर्णांक तीन. अंग गरम ठेवण्यातच त्या जिवाचं दूध संपत होतं.

"आजी, थोडा बर्फ ठेचून द्याल?"

"बाळंतिणीच्या खोलीत बर्फ?" रुक्माबाई पुटपुटल्या, पण वाटीभर घेऊन आल्या.

ज्योत्स्नाने भिंतीवरची टिकली सोडवली, तार न तोडता पिशवीत गुंडाळली आणि ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवली. "विरघळत्या बर्फाचं तापमान शून्य. पडद्यावर काय आलं, वाचा."

रुक्माबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "साडेतीन!"

मग तिने टिकली मूळच्या छोट्या तारेसकट पडद्यापाशी नेली, मधली लांब तार वगळून थेट जोडली आणि पुन्हा बर्फात धरली. शून्य. टिकली चांगली होती. दोष तारेत होता.

तिने ती लांब तार बोटांत धरून पाहिली. मूल घरी आलं त्या दिवशी रुक्माबाईंनी हट्ट धरला होता की, तो चमकता डबा बाळंतिणीच्या खोलीत नको, त्याच्या लहरी बाळाला लागतील. ज्योत्स्नानेच तो स्वयंपाकघरात हलवला होता आणि पिशवीत होती ती बारीक तार आठ मीटर वाढवली होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "टिकलीत प्लॅटिनम असतं. ते तापलं की विजेला जास्त अडवतं. तो अडथळा मोजून पडदा तापमान सांगतो. पण तारही थोडं अडवतेच. पडदा ते सगळं मिळून मोजतो आणि म्हणतो, खोली ऊबदार आहे. मी तार लावली, पण नंतर बर्फात तपासली नाही."

"म्हंजे डबा हलवायले मीच लावला," रुक्माबाई हळूच म्हणाल्या.

"आणि तो चुकतोय हेही तुम्हीच ओळखलंत. केंद्रात आकडा दिसतो, आजी. खोली दिसत नाही. या तेलावर तुम्ही तीन फोन केलेत. मला हे असं शिकवायला हवं होतं कुणीतरी."

टिकलीपासून पडद्यापर्यंत जाण्यायेण्याच्या दोन तारा होत्याच; तिने शेजारून तिसरी ओढली. ती फक्त वाटेतला अडथळा मोजायची, म्हणजे तो वजा करता येई. मग टिकली पुन्हा बर्फात : शून्य. भिंतीवर : २३.३. जमिनीखाली पाणी सरकल्याचा बारीक आवाज आला. मे महिन्याचं ऊन निघालं होतं.

ज्योत्स्ना जेवायला थांबली. दुपारी दोनपर्यंत बाटलीच्या कडेने तेल पारदर्शक व्हायला लागलं. पल्लवीच्या पदराखालून मुलीचं एक पाऊल बाहेर आलं, अंगठ्याएवढं, आणि तिथेच राहिलं. आतापर्यंत ती पाय पोटाशीच घेऊन असे.

निघताना ज्योत्स्नाने केंद्राची नोंद उघडली. 'खोलीत कोण राहतं' हा रकाना मागच्या वेळी रिकामा राहिला होता. पल्लवीने बारसंही पुढे ढकललं होतं. दोन किलो होऊ दे, मग नाव, असं ती सगळ्यांना सांगे.

"हा असाच सोडू?"

पल्लवी त्या पावलाकडे पाहत होती. रुक्माबाईच बोलल्या, "दोन किलो व्हायचे हायेत न अजून."

"व्हायचे आहेत, आई. होतील की नाही, कोण सांगणार?" पल्लवीने पाऊल तळहातावर घेतलं. "नाव मात्र आज लिहा, ताई. अनघा."