कॅनडाला न गेलेला भुऱ्या

ओसरीत पाय ठेवताच हरिचंदने नाकाला रुमाल लावला. कपाशीवर फवारायच्या औषधाचा उग्र वास, त्यात ओकारीचा आंबूस दर्प. भुऱ्या कुत्र्यावर चादर टाकली होती. ती अपुरी पडून पाय बाहेर आले होते. पिंजऱ्यात दोन्ही पोपट चोची वासून उलटे पडले होते.

२००४ साल. शिरड शहापूरचे प्रभू आणि सुकन्या येत्या आठवड्यात कायमचे कॅनडाला निघाले होते, कुत्रा आणि पोपटांसकट. त्यांना मागं सोडून मी येणार नाही, असं सुकन्याने बजावलं होतं. हिंगोलीहून खाजगी तपास करणाऱ्या साधनाताईंना तिनेच बोलावलं. निवृत्त हवालदार हरिचंद त्यांच्या मदतीला असे.

"गड्याचं काम हाय हे," प्रभू म्हणाला. "प्रेमसिंगच्या खोपीत बाटली सापडली. जमीन दुसऱ्याला बटईनं कसायला दिली, त्याचा राग."

"फवारणी मीच करतो, बाई. बाटली खोपीतच राहणार," प्रेमसिंग म्हणाला. "रातभर मी तांड्यावर होतो."

सुकन्याच्या सासू केशरबाई पदर नाकाला लावून बसल्या होत्या. "घरभर केस, घाण. मला शिसारी यायची. पण इख घालणारी मी न्हाई."

"रात्री जनावरं कुठं असतात?" साधनाताईंनी विचारलं.

"आमच्याच खोलीत," सुकन्या म्हणाली. "आतून कडी लावून. काल झोपताना चांगली होती. सकाळी मेलेली दिसली, तेव्हा इथं ओसरीत आणली."

भिंतीशी प्रवासासाठी केलेली जाळीची नवी लाकडी पेटी होती. तिचं झाकण साधनाताईंच्या गुडघ्याला लागत होतं.

"ही कोणी करून घेतली?"

"मीच," प्रभू म्हणाला. "मागल्या महिन्यात. भुऱ्याला उभं करून माप घेतलं."

पेटीचं काय एवढं? हरिचंदचा संशय प्रेमसिंगवरच होता.

"हरिचंदभाऊ, काठी घ्या. भुऱ्याच्या पंजापासून खांद्यापर्यंत मोजा."

श्वास रोखून त्याने चादर बाजूला केली, मापावर बोट धरलं.

"आता काठी पेटीत उभी करा."

बोट झाकणाच्या वीतभर वर राहिलं.

"यात भुऱ्या उभाच राहू शकत नाही," साधनाताई म्हणाल्या. "प्रभूराव, माप तुम्हीच घेतलं म्हणता. मग पेटी फक्त सुकन्याताईंना दाखवायला केली. कुत्रा जाणार नाही, हे तुम्हाला महिन्यापूर्वीच ठाऊक होतं. खोलीला आतून कडी. गडी किंवा सासूबाई आत येणार कशा? आणि सुकन्याताई तर यांच्यावाचून जायलाच तयार नव्हत्या. उरता तुम्ही. बाटली खोपीतून आणली, परत तिथंच ठेवली."

प्रभूने पेटीचं झाकण बंद केलं.

"तिथला घरमालक जनावरं ठेवू देत न्हाई. हिला सांगितलं असतं तर ही आलीच नसती. मेल्यावर आली असती." त्याने खांदे उडवले. "जनावरंच तर होती. बसा, चहा सांगतो."

हरिचंद उठला. एवढा वेळ वासानेही तो हलला नव्हता. तो अंगणात जाऊन थुंकला.

सुकन्या रडली नाही. आत जाऊन तिने भरलेल्या बॅगेतून आपल्या साड्या काढल्या, बॅग नवऱ्याच्या पायाशी ठेवली आणि प्रेमसिंगला म्हणाली, "कुदळ आणा, दादा. खड्डा मीच खणते."