गोंदात अडकलेला केस

मोटर अठरा किलोची होती आणि लिफ्टचं दार माझ्या तोंडावरच मिटत होतं. तेवढ्यात आतून एक हात आडवा आला.

"द्या इकडे. काय भरलंय एवढं?"

"बाबांचा जीव," मी म्हटलं.

तो हसला. चौथ्या मजल्यापर्यंत मोटर उराशी धरून उभा राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल... मी उगाच मजल्यांचे आकडे बघत राहिले.

तपासणीच्या खोलीत बाबा आधीच येऊन बसले होते. तो मात्र टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला. कंपनीच्या बाजूला. त्यांचा तज्ज्ञ!

भांडण एवढंच, की रोटरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्यात, चुंबकं जोडीजोडीने तिरकी बसवायची युक्ती आधी कुणाची? पेटंट कंपनीने घेतलेलं. आमची ही मोटर त्याच्या दोन वर्षं आधी विकलेली, आता गिऱ्हाइकाकडून मागून आणलेली. ते कुणी नाकारत नव्हतं. "नंतर उघडून आतली मांडणी बदलली असणार," एवढंच त्यांचे वकील म्हणत होते. तसं ठरलं की बाबांच्या वर्कशॉपला कुलूप.

त्याने रोटरचं झाकण कापून काढलं. भिंग लावलं. आणि थांबला.

"तुमचे केस... पूर्वी लांब होते?"

"हा काय प्रश्न झाला?" बाबा उखडले.

"होते," मी म्हटलं. "कमरेपर्यंत. मोकळे सोडून काम करते म्हणून हेच ओरडायचे. शेवटी ही मोटर विकली त्याच महिन्यात कापले. तेव्हापासून आखूडच."

त्याने भिंग माझ्यापुढे सरकवलं. वाळलेल्या पारदर्शक गोंदात एक लांब केस. या चुंबकावरून त्या चुंबकावर, अखंड.

"एक चुंबक जरी काढलं असतं, तरी हा तुटला असता," तो कोर्टाच्या कारकुनाकडे वळून म्हणाला. "लिहून घ्या. मांडणी मूळचीच आहे."

"विचार करून बोला," वकील दातांतल्या दातांत म्हणाले.

"केलाय." पेनाचं टोपण मात्र त्याच्या हातून दोनदा निसटलं.

कारकुनाने रोटर सील करून ठेवून घेतला. उरलेली मोटर त्यानेच उचलली.

"नोकरी?" लिफ्टपाशी मी विचारलं.

"जाईल बहुतेक."

"माझ्यामुळे..."

"छे! जे दिसलं ते सांगितलं. तुमच्यामुळे फक्त... सकाळपासून मजले मोजताना चुकतोय."

आता माझे कान तापले. मी मानेवर हात फिरवला. "परत वाढवावे म्हणते. तीन-चार वर्षं लागतील."

"थांबतो की."

लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं. आम्ही तिथेच.

"अहो," मागून बाबा म्हणाले, "बारा किलो आहे अजून ती. आधी खाली ठेवा, मग थांबा काय थांबायचं ते!"