तीन काचांची गाडी

तुमच्या त्या गाडीच्या गेमला स्टँड करून देतो. तीन स्क्रीन ओळीने मावतील एवढं टेबल, समोर बसायची सीट, स्टिअरिंग अडकवायला पट्टी, पायाखालच्या पेडलांना फळी. लाकूड चांगलं घालीन. पण खाली चाकं लावणार नाही.

तोंडं वाकडी करू नका. दिवसा खोलीत जागा लागते, ढकलून भिंतीशी नेता आलं पाहिजे, सगळं कळतं मला. तरणीताठी पोरं आहात, चौघांनी उचला.

का म्हणून विचारता? सांगतो. रात्रीचं सांगू नये, पण तुम्ही आलातच रात्री. ती दाराची कडी घाल रे, उगाच वाजतेय.

हे आमच्या उस्तादाचं आहे. उस्ताद म्हणजे ट्रक चालवायचा तो, माझा लहानपणापासूनचा दोस्त. सगळा जन्म स्टिअरिंगवर गेला. मग डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की समोरचं दिसतंय, कडेचं दिसत नाही. लायसन गेलं. मुलाने ट्रकची किल्ली कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली खिशात.

उस्ताद चार दिवस जेवला नाही. पाचव्या दिवशी जेवला आणि म्हणाला, "गाडी मी थांबवीन तेव्हा थांबेल. दुसऱ्याने सांगून नाही."

त्याच्या नातीला ते लागलं. ती कॉम्प्युटरचंच काम करते. तिने आजोबांना ट्रक चालवायचा गेम आणून दिला. एका स्क्रीनवर त्याला मजा येईना. "हे काय, भोकातून बघितल्यासारखं! खिडक्या कुठायत? आरसे कुठायत?" मग तिने तीन स्क्रीन आणल्या. मधली म्हणजे समोरची काच, कडेच्या दोन म्हणजे दोन खिडक्या, त्यात आरसे. कडेच्या दोन्ही थोड्या आत वळवलेल्या. मध्ये बसलं की उजवी-डावी बघायला मान फिरवावी लागायची. तिन्ही एकदम डोळ्यांत मावतच नसत. पहिल्या दिवशी पोरीने वायरी उलट्या जोडल्या. डावी खिडकी उजवीकडे, उजवी डावीकडे. उस्ताद तसाच खड्ड्यात गेला आणि तासभर हसत बसला. किती महिन्यांनी हसला होता!

बसायचा सांगाडा मी केला. सीट, स्टिअरिंग, पेडलं सगळं एकाच फळीवर, खाली चार चाकं. चाकं अडवायला खिट्टी होती. ती तो कधी लावायचा नाही. "मिस्त्री, खिट्टी उभ्या गाडीला. चालत्या गाडीला लावतात का?" असं म्हणायचा. आता ह्याला काय सांगणार?

एकच तक्रार होती त्याची. "सगळं आहे, पण क्लीनर नाही. क्लीनरशिवाय ट्रक म्हणजे मिठाशिवाय जेवण."

त्याचा क्लीनर मुका होता. मुक्याच म्हणायचे त्याला सगळे. जन्मात शब्द बोलला नाही, पण त्याच्याइतकं गाडीशी कुणी बोललं नसेल. ट्रकच्या अंगावर थाप मारायचा. दोन थापा म्हणजे जाऊ दे. एक थाप म्हणजे थांब. चढावर गाडी थांबली की ब्रेक लागायच्या आत हा खाली. चाकामागे लाकडी ठोकळा सारायचा आणि एक थाप. ती थाप ऐकली की मगच उस्ताद स्टिअरिंगवरचा हात काढायचा. तापाने गेला मुक्या, त्याला कैक वर्षं झाली. त्यानंतर उस्तादाने बरेच क्लीनर ठेवले. बोलणारे होते सगळे. उस्ताद म्हणायचा, नुसतेच बोलणारे होते.

आता नीट ऐका.

नोव्हेंबरातला शेवटचा रविवार. मुलगा-सून लग्नाला परगावी गेलेले. नात खालच्या खोलीत झोपलेली. उस्ताद वर. वरच्या खोलीला मागच्या बाजूने जिना आहे, सरळ खाली उतरणारा, दगडी. वरच्या तोंडाला दार नाही, काही नाही. स्क्रीन समोरच्या भिंतीला. जिना पाठीमागे, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला.

पोरगी जागी होऊ नये म्हणून कानाला हेडफोन. दिवा मालवलेला. लांबची फेरी होती. गेममधल्या रस्त्यावर पाऊस लागलेला, वायपर चालू. बाहेर मात्र महिनाभर थेंब नव्हता. रस्ते पांढरे पडले होते धुळीने.

माल पोचवायच्या ठिकाणी आला. तिथे गाडी मागे घेऊन फलाटाला लावायची असते. तेच अवघड. मागचा लांबलचक डबा सरळ राहिला पाहिजे. उस्तादाने रिव्हर्स टाकला. डाव्या आरशात बघितलं, उजव्या आरशात बघितलं. चिखल, पाऊस, फलाटावरचा एक पिवळा दिवा.

आणि मागून आवाज आला.

"येऊ दे… येऊ दे…"

त्याला काहीच वाटलं नाही. ट्रकवाल्याला कसं वाटेल? जन्मभर ज्या ज्या फलाटाला गाडी लावली, तिथे मागे कुणीतरी उभं राहून हेच म्हणत आलं. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही. आवाजावर विश्वास ठेवतो आणि गाडी सोडतो. उस्तादाने सोडली.

"येऊ दे… येऊ दे… अजून येऊ दे…"

बराच वेळ झाला. फलाट येईना.

मग त्याच्या ध्यानात आलं. गेममध्ये माणसाचा आवाज कधी नव्हता. नातीने काही नवीन घातलं असेल. त्याने एका हाताने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. पावसाचा आवाज बंद झाला. इंजिनाचा बंद झाला.

"येऊ दे…"

तो बंद झाला नाही.

…नाही, दाराजवळच्या पोरी, तू तिथेच बस. जवळ यायचं तर ये, पण दिवा लावू नकोस.

आवाज पाठीमागून येत होता. खालून. प्रेमाने बोलावल्यासारखा. उस्ताद म्हणाला, "मिस्त्री, इतक्या मायेने मला बायकोनेही कधी बोलावलं नव्हतं." पाय पेडलावर तसाच. अंगात जडपणा आलेला, दिवसभर गाडी हाकून मुक्कामाला आल्यासारखा. वाटलं, जाऊ दे. पोचलो. सोडून द्यावी.

तेवढ्यात…

सीटच्या डाव्या अंगाला, फळीवर, थाप पडली.

एकच.

बरगड्यांत जाणवली त्याला. पायाने विचारलं नाही. ब्रेक दाबला गेला. मग त्याने समोर बघितलं.

तिन्ही स्क्रीन एकदम दिसत होत्या.

मान न फिरवता. तिन्ही. लहानशा. लांब. दोन्हीकडे काळी भिंत दिसत होती. कडेचं न दिसणाऱ्या माणसाला तिन्ही स्क्रीन आणि शिवाय कडेची भिंत, म्हणजे किती मागे आला असेल… स्टिअरिंगची वायर अंधारातून ताणून गेलेली. पाठीला गार वारा लागत होता. जिन्यातून वर येतो तो.

"येऊ दे," आवाज म्हणाला. अगदी मानेपाशी.

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी किंचाळलो असतो. खरं सांगतो. आमचा उस्ताद चिडला.

"कोण रे तू?"

उस्तादाने ब्रेक आणखी दाबला.

"माझा क्लीनर मुका होता. तो असा गोड बोलत नाही. तू कोण?"

"…येऊ दे."

"नाही येत, जा! माझी गाडी, माझा पाय, माझा ब्रेक. पोराने किल्ली काढून घेतली तेव्हा थांबलो नाही, तुझ्या बापाच्या सांगण्याने थांबेन? न्यायचं असेल तर मागून फसवू नकोस. पुढे ये. हेडलाइटमध्ये उभा राहा. तोंड दाखव आणि मग बोल."

…

कुणी आलं नाही पुढे.

मधल्या स्क्रीनवर वायपर चालत होते. दिव्यांच्या उजेडात पाऊस पडत होता. रिकामा.

खाली जिन्यात काहीतरी उतरत गेल्यासारखं वाटलं. पायरी… पायरी… मग तेही नाही.

उस्तादाने ब्रेक सोडला नाही. पायाला गोळे आले, तरी नाही. उजाडेपर्यंत तसाच. आणि पुढचं ऐका, हे मला सगळ्यात आवडतं. उजाडल्यावर त्याने हेडफोन पुन्हा कानाला लावले आणि तेवढ्या लांबून, बोटाएवढ्या आरशांत बघत, गाडी फलाटाला लावली. माल उतरवला. मगच नातीला हाक मारली.

पोरगी जिना चढून आली ती मधल्या पायरीवरच थबकली. वरच्या तोंडाला सांगाड्याची मागची कड बाहेर आलेली. तिने मला फोन केला. मी धावत गेलो. उस्ताद सीटवर बसून चहा मागत होता.

"मिस्त्री, ब्रेक चांगले केलेस हं," म्हणाला.

अरे, त्या पेडलाचा त्या चाकांशी काय संबंध? ती वायर कॉम्प्युटरला जाते. चाकं आपली चाकं. त्यांना अडवायला खिट्टी एकटी, आणि ती सुटी लोंबत होती. मीच वाकून बघितली.

मी म्हटलं, "चाकं काढून टाकतो. आत्ता."

"हात लावू नकोस," उस्ताद म्हणाला. "कुणीतरी मागून हाक मारतं म्हणून चाकं काढू? आज रात्री पुन्हा फेरी आहे."

आजही चालवतो. त्याच जागी, त्याच चाकांवर. त्याला मी नाही म्हणू शकत नाही. पण तुम्हाला म्हणू शकतो. तुमच्यामागे वेळेवर थाप मारणारं कुणी आहे का, मला ठाऊक नाही.

काय? मग गाडी थांबली कशी?

तेच सांगायचं राहिलं. मी वाकलो तेव्हा डाव्या चाकामागे, जिन्याच्या अगदी कडेला, एक लाकडी ठोकळा होता. जुना. तेलाने काळा पडलेला, एक कोपरा झिजलेला. माझ्या हातचा नाही. माझं लाकूड मी ओळखतो. त्या घरात तो कुणी कधी बघितला नव्हता.

मी तो उचलला, उलटा केला.

खालच्या बाजूला चिखल होता. ओला.