फाट्याचा हक्क

समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या नळाच्या जाळीवर एक कालव चिकटलं होतं. नखाएवढं, एका कडेने हिरवट. डॉ. मृणालिनी केळुसकरने ते पटाशीने सोडवलं, डब्यात टाकलं आणि हात दोनदा साबणाने धुतले. देवगडच्या या केंद्रातले संगणक समुद्राच्या पाण्याने थंड राखले जात, म्हणून जाळी रोज तपासावी लागे. ते काम ती दुसऱ्या कुणाला देत नसे.

"अजून धुतेयस?" इक्बाल सोलकरने दारातून विचारलं. केंद्राची संगणकप्रणाली तो सांभाळी. "सभा सुरू होतेय. हर्डीकर पडद्यावर आलासुद्धा. नवा कोट घातलाय. विक्रीचा मुहूर्त ना!"

आज एका कंपनीला विकलं जाणार होतं ते 'संदर्भजाल'. कुठला शोधनिबंध कुठे आहे, कोणी कशाचा आधार घेतला, याचे सगळे दुवे त्यात होते. जगभरच्या विद्यापीठांनी आणि देवगडसारख्या केंद्रांनी सभासद म्हणून ते मिळून उभारलं होतं. डॉ. उपेंद्र हर्डीकर त्याचा अध्यक्ष झाला तेव्हा शोध फुकटच राहिला. फक्त सापडलेल्या दुव्यापुढे परवानगीची एक पायरी आली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मृणालिनीचा धाकटा भाऊ विलास कालवं खाऊन घरी आला. आधी ओठ बधिर झाले, मग हात, मग श्वास अडखळू लागला. गावच्या डॉक्टरला ती अॅलर्जी वाटेना. त्याने लक्षणं घालून शोध घेतला. निबंध सापडला. विष उतरेपर्यंत कृत्रिम श्वास देत राहिलं तर माणूस वाचतो, एवढंच त्यात होतं. डॉक्टरने तो वाचायची परवानगी मागितली. ती आली विलासच्या तेराव्याला.

"फाटा तयार आहे," इक्बाल म्हणाला. नियमाने कुठल्याही सभासदाला जालाची पूर्णप्रत घेऊन वेगळं होता येई; त्यालाच फाटा म्हणत. "पूर्णप्रत आपल्याकडे, प्रणाली आपल्याकडे. जाहीर केलंस की ज्या सभासदाला यायचं तो आपल्या वाटेने येईल. तेवढं कुलूप काढ."

कुलूप म्हणजे तिने प्रणालीत लिहिलेल्या काही ओळी. हर्डीकरला प्रवेश बंद.

"नाही काढणार. त्यानेही पायरीवर ताटकळावं. उत्तर समोर दिसावं आणि हाताला लागू नये."

"बाई गं, विलास माझ्याही ताटात जेवलाय. पण उघडं म्हणजे नुसतं फुकट नव्हे. उघडं म्हणजे कुणालाही सगळं उचलून निघून जाता येतं, आणि कुणाच्याही तोंडावर दार लावता येत नाही. एकाला जरी अडवलंस तरी नियमाने तो फाटाच ठरत नाही. एकही सभासद येऊ शकणार नाही."

"म्हणजे त्या माणसाला मी चहापाणी विचारू?"

"इतकी वर्षं इथेच अडलीयस. दर सभेत तोंड उघडतेस आणि मिटतेस. आज विक्रीचा ठराव झाला की हा हक्कही गेला."

पडद्यावर हर्डीकर कुणाशी तरी हसत होता. मृणालिनीने पडद्याकडे बोट केलं.

"कंपनी नक्की काय विकत घेतेय?" तिने विचारलं.

"यंत्रं, नाव, इमारत."

"आणि सभासद?"

"ते विकता येतात होय? ते राहतील, अशी हमी दिलीय त्याने. स्वतःच्या सहीने."

"आणि सगळे उठून इकडे आले तर?"

इक्बाल थबकला. "तर त्याच्याकडे कुलूप उरेल. आत कोणी नाही."

"नवे निबंध इथे नोंदले जातील. मग त्याला स्वतःचं काम करायलाही..."

"इथेच यावं लागेल."

"अडवलं असतं तर अन्याय झाला म्हणून गावभर बोंबलला असता," ती हळूच म्हणाली. "आता तेही नाही."

ती हसली. विलास गेल्यापासून इक्बालने तिला हसताना पाहिलं नव्हतं. पण हे हसू बघून त्याला बरं वाटलं नाही. तिने त्या ओळी पुसून टाकल्या.

सभेची एक जुनी रीत होती. ठरावाआधी अध्यक्षाने विचारायचं, कुणाला वेगळं व्हायचं आहे का? उत्तर तोंडीच द्यावं लागे, लिहून चालत नसे. आजवर कुणी दिलं नव्हतं. लोक तेवढ्यात चहा ओतून घेत. हर्डीकरने मान वर न करता प्रश्न वाचला आणि पुढच्या विषयाकडे वळला.

"आहे," मृणालिनी म्हणाली. "देवगड केंद्र आज वेगळं होत आहे. पूर्णप्रत आमच्याकडे आहे आणि दार कुणालाही बंद नाही. हर्डीकरसाहेब, तुम्हीसुद्धा या. केव्हाही."